छपराचे काम कोणाच्या हाती द्यावे?

मालवण, प्रतिनिधी

कोकणात घर बांधणे हा आयुष्यातील मोठा खर्च मानला जातो; परंतु त्या घराचे छप्पर राखणे हा पिढ्यान् पिढ्या चालणारा खर्च आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही भागांत त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन किनारी तालुक्यांत पावसाच्या जोडीला खारा वारा असतो. हा वारा लोखंड खातो, खिळे सैल करतो आणि पावसाला कौलांच्या सांध्यांतून आत ढकलतो. त्यामुळे पावसाळ्याआधी छप्पर परतून घेण्याची, ज्याला या भागात ‘नळे परतणे’ म्हणतात, प्रथा पूर्वापार चालत आली आहे.

पूर्वी हे काम वाडीतील ओळखीची माणसे करीत. आज ती माणसे थकली आहेत, त्यांची मुले शहरांत आहेत आणि घरमालकांपैकीही अनेकजण मुंबई-पुण्यात राहतात. कौलांची जागा बऱ्याच ठिकाणी रंगीत पत्र्यांनी घेतली असून, ओळखीच्या मेस्त्रीची जागा फॅब्रिकेटर, वॉटरप्रूफिंगवाला किंवा दूरध्वनीवरच भेटणारा ठेकेदार यांनी घेतली आहे. त्यांतील बहुतेक प्रामाणिकपणे पोट भरणारे कारागीर आहेत. पण ज्या व्यवहारात मालकाला माल ओळखता येत नाही, काम उंचावर चालते, दोष पहिल्या मोठ्या पावसातच उघडा पडतो आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात, त्या व्यवहारात फसवणुकीला वाव राहतोच. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात गळतीचे पाणी प्रथम भिंतीच्या माथ्यावर मुरते, वाशांची टोके कुजवते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सारी पाखीच खाली आणू शकते. त्यामुळे येथे प्रश्न केवळ काही हजार रुपयांचा नसतो.

वादळानंतरची घाई

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकले. ते जमिनीवर गुजरातमध्ये आदळले. तरीही मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांत घरांची छपरे उडाली, झाडे कोसळली, विजेचे खांब आडवे झाले. त्याआधी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा उत्तर भाग झोडपला होता. दोन्ही वादळे पावसाळ्याच्या उंबरठ्यावर आली. छप्पर उडालेल्या माणसाजवळ चार ठिकाणी दर विचारण्यास वेळ नसतो. एकाच आठवड्यात हजारो घरांना कौले, पत्रे आणि कारागीर हवे असतात. भाव चढतात, अनोळखी टोळ्या दारात येतात आणि ‘आज पैसे दिलेत तर उद्या माल पोहोचेल’ हे वाक्य खरे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अशा वेळी पहिले काम छप्पर बदलण्याचे नसून ते तात्पुरते झाकण्याचे आहे. ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक वाशांना घट्ट बांधून, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकून पंधरा-वीस दिवस काढता येतात. तेवढा अवधी दर पडताळण्यास पुरेसा होतो. झाकण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. महसूल यंत्रणेकडून होणाऱ्या पंचनाम्यासाठी ती उपयोगी पडतात आणि घराचा विमा असल्यास विमा कंपनीलाही ती लागतात. ‘पंचनाम्यात तुमचे नाव घालून देतो, सरकारी मदत मंजूर करून देतो’ असे सांगून टक्केवारी मागणाऱ्या ठेकेदारास दारातूनच परत पाठवावे. मदतीची रक्कम बाधिताच्या बँक खात्यात जमा होते. त्यासाठी मध्यस्थाची आवश्यकता नसते.

आधी दुखणे ओळखावे

ठेकेदार बोलावण्यापूर्वी गळती नेमकी कोठे आहे, हे मालकाने स्वतः पाहिलेले बरे. पाणी जेथे टपकते तेथेच छपराला भोक असते असे नाही; ते वाशावरून वा पर्लिनवरून वाहत दूरवर येऊन ठिबकते. कौलारू घरात गळतीची नेहमीची कारणे मोजकीच असतात. तडकलेले किंवा सरकलेले कौल, आढ्यावरील कोन्यांचा निखळलेला चुना-सिमेंट, दोन पाख्या मिळतात त्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा आणि वाळवीमुळे खचलेली रीप, एवढीच कारणे बहुधा सापडतात. पत्र्याच्या छपरात स्क्रूखालील रबरी वायसर कडक होऊन फाटतो, स्क्रूभोवती गंज धरतो किंवा पत्र्यांचा जोड अपुरा राहिलेला असतो. स्लॅबवर पाण्याचा निचरा न होणे आणि कठड्याच्या मुळाशी तडा जाणे ही कारणे प्रमुख आहेत.

पंचवीस-तीस कौले बदलून भागणार असेल तेथे संपूर्ण छप्पर उतरवण्याचा सल्ला देणाऱ्यास कारण विचारावे. ‘सगळे वासे गेले आहेत’ असे कोणी म्हटल्यास ते वासे दाखवण्यास सांगावे. सुताराकडील साधा टोच्या किंवा पेचकस लाकडात खुपसून पाहिला की कुजका आणि सुदृढ वासा यांतील फरक कोणालाही कळतो. छपरावर एकट्याने चढून ‘आणखी बरीच कौले फुटली आहेत’ असे सांगत खाली उतरणाऱ्या माणसाकडून चढण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे मागावीत. काही कौले पाहणीच्या वेळीच फुटतात, हे अनुभवी घरमालक जाणतात.

काम तसा कारागीर

कौलारू काम, पत्र्याचे काम आणि स्लॅबचे वॉटरप्रूफिंग हे तीन वेगळे व्यवसाय आहेत. तिन्हींत आपण सारखेच तरबेज आहोत, असे सांगणाऱ्याची अधिक चौकशी करावी.

मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली सुरू केला आणि समुद्रमार्गे ती कौले कोकणच्या बंदरांत पोहोचली. एकमेकांत अडकणाऱ्या खाचा हे त्यांचे वैशिष्ट्य. या खाचा नीट बसण्यासाठी रिपांमधील अंतर एकसारखे, साधारण साडेबारा इंचांच्या आसपास आणि कौलाच्या मापाशी जुळणारे असावे लागते. छपराचा उतार तीस अंशांच्या आसपास ठेवला जातो. उतार कमी पडला तर झडीचे पाणी खाचांवरून आत येते. ज्या कारागिराला रिपांचे अंतर कौल हातात घेऊन ठरवावे लागते हे ठाऊक आहे, त्याने हे काम केलेले आहे असे समजावे. भारतीय मानक ६५४ या मंगलोरी कौलांसाठीच्या मानकात कौलांच्या ‘एए’ आणि ‘ए’ अशा दोन श्रेणी केलेल्या आहेत. नवी कौले घेताना दुकानदाराकडे श्रेणी विचारावी. बोटाने वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारे, वाकडे नसलेले आणि रात्रभर पाण्यात ठेवून फारसे जड न होणारे कौल चांगले, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे.

पत्र्याच्या कामात कैची आणि पर्लिन यांची वेल्डिंग, त्यावरील गंजरोधक रंग आणि स्क्रूंची मांडणी यांवर सारे अवलंबून असते. वाऱ्याचा उपसा छपराच्या कडांवर, म्हणजे वळचण, आढे आणि दोन्ही बाजूंच्या टोकांवर सर्वाधिक असतो. म्हणून तेथे स्क्रू अधिक जवळ लागतात. पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. त्यामुळे पत्र्यांच्या जोडाची उघडी कड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला राहील अशा रीतीने मांडणी व्हायला हवी. ‘काम कोणत्या टोकापासून सुरू कराल?’ हा एकच प्रश्न विचारला, तरी समोरच्याची जाण कळून येते. पत्रा ग्राइंडरने कापल्यास ठिणग्यांनी कडेचा संरक्षक थर जळतो आणि किनाऱ्यावर तेथूनच गंज सुरू होतो. त्यासाठी पत्रा कापण्याची कात्री वापरणारा कारागीर निवडावा.

समुद्राजवळ जोडसाहित्य किती महत्त्वाचे ठरते, याचे उदाहरण मालवणकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला, त्यापूर्वीच त्याच्या नटबोल्टना गंज चढत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्राने कळवले होते, हे त्या वेळी समोर आले. घराच्या छपरातही पत्रा टिकतो आणि स्क्रू जातो, असे वारंवार घडते.

मापाचे साधे गणित

दरात घासाघीस करणारा मालक मापात गाफील राहतो. जमिनीवरील घराचे क्षेत्र आणि छपराचे क्षेत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब घराला चारही बाजूंनी अडीच फुटांची वळचण धरली, तर छपराची पडछाया ३५ फूट बाय ४५ फूट होते. तीस अंशांच्या उतारावर आढ्यापासून वळचणीपर्यंतची तिरपी लांबी सुमारे २०.२ फूट येते. दोन पाख्यांचे मिळून क्षेत्र सुमारे १,८१८ चौरस फूट, म्हणजे १८.२ ब्रास होते. एका ब्रासला साधारण १४० ते १५० मंगलोरी कौले लागतात. अर्थात या घराला २,५५० ते २,७३० कौले, अधिक फुटीसाठी थोडी जादा. यापेक्षा फार मोठा आकडा अंदाजपत्रकात दिसल्यास खुलासा मागावा. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकदा टेप धरून तिरपी लांबी मोजली, की हे गणित घरबसल्या करता येते.

पत्र्यांच्या बाबतीत दर झाकलेल्या क्षेत्रावर आहे की पत्र्यांच्या एकूण क्षेत्रावर, हे लिहून घ्यावे. १.०७ मीटर रुंदीचा पत्रा जोड वजा जाता साधारण एक मीटरच झाकतो. केवळ या फरकाने बिल सुमारे सात टक्क्यांनी फुगते.

जाडीची लपवाछपवी

रंगीत पत्र्याच्या व्यवहारातील सर्वांत मोठी गफलत जाडीत होते. पत्र्याची जाडी दोन प्रकारे सांगतात, एक मूळ पोलादाची आणि दुसरी जस्ताचा थर व रंग धरून एकूण. ‘पन्नास’ म्हणून विकलेल्या ०.५० मिलिमीटरच्या पत्र्यात मूळ पोलाद ०.४५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असू शकते. दोन ठेकेदारांचे दर पडताळताना दोघेही एकाच प्रकारची जाडी सांगत आहेत ना, हे पाहावे.

यासाठी दोन सोपे उपाय आहेत. पहिला मायक्रोमीटर, कोणत्याही लेथ कारखान्यात तो मिळतो. दुसरा वजनकाटा. पोलादाचे वजन एक मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर ७.८५ किलो असते. १.२२ मीटर रुंदीच्या सपाट पट्टीपासून बनवलेला दहा फुटी पत्रा घेतला, तर ०.४५ मिलिमीटर पोलादाचे वजन सुमारे १३ किलो आणि ०.३५ मिलिमीटरचे सुमारे १० किलो भरते. थर आणि रंगाचे वजन किंचित जादा धरावे. तीन किलोंचा हा फरक दुकानाच्या काट्यावर सहज उघड होतो.

जाडीइतकाच संरक्षक थर महत्त्वाचा. तो दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर किती ग्रॅम, अशा हिशेबाने मोजतात. जस्ताचे १२० ग्रॅम आणि २७५ ग्रॅम थर असलेले पत्रे दिसायला सारखेच असतात. किनाऱ्यावरील आयुष्यात मात्र मोठे अंतर पडते. अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रणाच्या पत्र्यांत १५० ग्रॅमचा थर प्रचलित आहे. पत्र्यामागे छापलेली माहिती, आयएसआय चिन्ह आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट यांचा मेळ घालावा. आयएसआय परवाना क्रमांक खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येते.

‘पंधरा वर्षांची कंपनी गॅरंटी’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये. अनेक कंपन्यांच्या हमीपत्रांत समुद्रकिनाऱ्यालगतचा भाग वगळलेला असतो किंवा त्यासाठी वेगळ्या अटी असतात. हमीपत्राची प्रत खरेदीपूर्वी मागावी आणि त्यात किनाऱ्यापासूनच्या अंतराविषयी काय म्हटले आहे, ते वाचावे. कंपनीची हमी पत्र्याची असते. स्क्रू, वेल्डिंग आणि बसवण्याच्या कामाची जबाबदारी ठेकेदाराचीच राहते. त्याची हमी स्वतंत्रपणे लेखी घ्यावी.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत. असे पत्रे फोडू वा कापू नयेत. पाण्याने भिजवून, मास्क लावून अखंड उतरवावेत. त्यांचे तुकडे परड्यात किंवा विहिरीजवळ टाकून देणारा ठेकेदार मालकाच्या आरोग्याशी खेळत असतो.

ठेकेदाराची पारख

किमान तीन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि तिघांनाही कामाचे वर्णन एकच द्यावे. सर्वांत कमी दर देणारा नेहमीच लबाड असतो असे नाही. पण इतर दोघांपेक्षा तो फारच खाली असेल, तर कोणती वस्तू हलकी धरली आहे याचा शोध घ्यावा.

नुकतेच पूर्ण झालेले काम पाहून काही कळत नाही. निदान दोन पावसाळे झेललेली दोन-तीन कामे पाहावीत आणि तीही शक्यतो किनारपट्टीवरील. आत उभे राहून वर पाहिले असता उजेडाचे ठिपके दिसतात का, स्क्रूंभोवती तांबूस ओघळ आहेत का, भिंतीच्या माथ्यावर ओलीचे डाग आहेत का, हे पाहणे कोणालाही जमते. त्या घरमालकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा : पावसात गळती झाली तेव्हा बोलावल्यावर ठेकेदार आला का? गावातील हार्डवेअर दुकानदाराकडेही चौकशी करावी. ज्याची उधारी थकलेली असते, तो एकाच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्याचा माल आणतो आणि हे चक्र केव्हातरी थांबते.

ठेकेदाराचा कायमचा पत्ता, ओळखपत्र आणि बँक खाते एकाच नावाचे असावे. बिलात वस्तू आणि सेवा कर लावला असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. हा क्रमांक पंधरा अक्षरांकांचा असतो. महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ ने, कर्नाटकातील २९ ने आणि गोव्यातील ३० ने होते. करप्रणालीच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य तपासता येतो. वार्षिक उलाढाल मर्यादेपेक्षा कमी असलेल्या लहान कारागिराने नोंदणी केलेली नसणे बेकायदा नाही. परंतु नोंदणी नसताना कराच्या नावाखाली रक्कम आकारणे निश्चितच बेकायदा आहे.

छपरावरून कामगार पडण्याचा धोका कायम असतो. सुरक्षापट्टा, शिडी आणि ओल्या कौलांवर काम न करणे या गोष्टी ठेकेदाराकडून कबूल करून घ्याव्यात. कामगारांचा अपघात विमा आहे का, हे विचारावे. वार्षिक २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणासही घेता येते. माणसांची काळजी घेणारा ठेकेदार कामाचीही काळजी घेतो, असे सहसा आढळते.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१. दारावर येणारी टोळी : ‘शेजारच्या गावात काम चालू आहे, माल उरला आहे, स्वस्तात करून देतो’ असे सांगून स्लॅबवर काळा किंवा पांढरा लेप फासला जातो. पहिल्या पावसात तो सुटतो आणि दूरध्वनी बंद लागतो.

२. आगाऊ रक्कम घेऊन पोबारा : मालासाठी अर्धी किंवा त्याहून अधिक रक्कम घेतली जाते, जुने छप्पर उतरवले जाते आणि काम अडवून वाढीव पैशांची मागणी होते. उघड्या घराचा मालक ती नाकारू शकत नाही.

३. नमुना एक, माल दुसरा : दाखवलेला पत्रा नामांकित कंपनीचा, बसवलेला भलताच. माल उतरवताना मालकाचा माणूस हजर नसला की हे सहज खपते.

४. जुन्या लाकडाची विल्हेवाट : ‘कचरा आम्हीच नेतो’ असे औदार्याने सांगितले जाते. जुने सागवान, फणस, किंजळ यांचे वासे आणि तुळया, तसेच कारखान्यांच्या छापाची जुनी मंगलोरी कौले यांना रिसॉर्ट आणि सजावटीच्या कामांसाठी चांगली किंमत मिळते. उतरवलेल्या सामानाची मोजदाद करावी आणि ते कोणाचे, हे आधीच ठरवावे.

५. ऑनलाइन घाऊक भाव : पत्र्याच्या कंपनीचा अधिकृत विक्रेता असल्याचे भासवून आगाऊ रक्कम मोबाइलवरून मागवली जाते. विक्रेत्याचे नाव कंपनीच्या कार्यालयातून पडताळावे आणि वैयक्तिक खात्यात रक्कम पाठवू नये. फसगत झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे; जितका उशीर होतो तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता घटते.

करारात काय असावे?

काम रोजंदारीवर आहे, मजुरीच्या दराने आहे की मालासहित उक्ते आहे, हे प्रथम स्पष्ट व्हावे. रोजंदारीत काम लांबते, उक्त्यात माल हलका होतो आणि मजुरीच्या दरात मालाची धावपळ मालकावर पडते. प्रत्येक पद्धतीची लबाडी वेगळी, म्हणून देखरेखही वेगळी.

लेखी करारात छपराचे मोजलेले क्षेत्र, पत्र्याची कंपनी, मूळ पोलादाची जाडी, थराचे ग्रॅम, कौलांची श्रेणी, लाकडाचा प्रकार, पाइपचे माप व जाडी, स्क्रूचा प्रकार, रंगाचे हात, सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख, पाऊस आल्यास छप्पर झाकण्याची जबाबदारी, जुन्या सामानाची मालकी आणि गळतीची हमी यांचा उल्लेख असावा. छपराची उंची वा प्रकार बदलणार असल्यास ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडून परवानगीची शहानिशा मालकानेच करावी. किनारा नियमन क्षेत्रातील घरांबाबत ती विशेष आवश्यक आहे. ‘परवानगी लागत नाही’ हे ठेकेदाराचे मत पुरावा ठरत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांसाठी शंभर रुपयांऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक वापरला जातो. मुद्रांक नसेल तरी दोघांच्या सहीचा साधा कागद तोंडी बोलीपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

पैसे देण्याचा क्रम कामाच्या टप्प्यांशी बांधावा. मालाचे पैसे शक्यतो मालकाने थेट दुकानदाराला देऊन बिल स्वतःच्या नावाने घ्यावे. मजुरीपैकी सुरुवातीला दहा टक्के, सांगाडा उभा राहिल्यावर, छप्पर झाकल्यावर आणि कोने-पन्हळी पूर्ण झाल्यावर उरलेले हप्ते, अशी विभागणी सोयीची ठरते. शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी. सरकारी कामांतही ठेकेदाराची अनामत दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत अडकलेली असते; घरगुती कामात ही अट घालण्यात अवघडण्यासारखे काही नाही. चांगला कारागीर ती मान्य करतो. मात्र पाऊस निर्विघ्न पार पडल्यावर ती रक्कम मालकानेही विनाविलंब द्यावी. राखीव रक्कम बुडवणाऱ्या मालकांमुळेच अनेक कारागीर आगाऊ रकमेचा हट्ट धरतात.

चाकरमान्यांसाठी

मुंबईत राहून गावचे छप्पर करून घेणाऱ्यांची अडचण निराळी असते. गणपतीला दार उघडल्यावरच ओल दिसते. अशांनी काम मार्च-एप्रिलमध्येच सुरू करावे. मेच्या अखेरीस कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तरी घाईत काम होते. गावातील विश्वासू नातेवाइकावर देखरेख सोपवताना त्याच्याच हाती पैसे आणि निवड दोन्ही देऊ नयेत. त्यात नातेही दुखावते. माल उतरल्यावर पत्र्यामागील छापाची, वजनकाट्याची आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागवावीत. रक्कम बँकेतून पाठवावी. मोबाइलवरील संभाषण, दर आणि कबुली असलेले संदेश पुसू नयेत. पुढे ते पुराव्यात येऊ शकतात. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर घर उघडून पाहण्यास कोणाला तरी सांगावे, म्हणजे दोष श्रावणापूर्वीच दुरुस्त होईल.

फसवणूक झालीच तर

प्रथम दोषांची छायाचित्रे घेऊन, पंधरा दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. घरबांधणीसंबंधीची कामे ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणासंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे मालवणातील कामाची तक्रार मुंबईतील रहिवाशाला मुंबईतही नेता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही आणि वकील असणे बंधनकारक नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. घर व्यापारी कारणासाठी वापरले जात असल्यास ‘ग्राहक’ या व्याख्येचा प्रश्न उपस्थित होतो. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून चालवलेल्या व्यवसायाला कायद्यात सवलत आहे. निवास-न्याहारी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पोलिसांकडे केव्हा जावे, याबाबत गैरसमज आढळतो. काम वाईट झाले किंवा उशीर झाला, एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. तो दिवाणी वा ग्राहक आयोगाचा विषय ठरतो. व्यवहाराच्या प्रारंभापासूनच फसवण्याचा हेतू असल्याचे दिसले, उदाहरणार्थ खोटे नाव, बनावट हमीपत्र किंवा एकाच वेळी अनेकांकडून रक्कम घेऊन पलायन, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार करता येते. अशा वेळी फसलेल्या सर्वांनी एकत्र तक्रार दिल्यास तो हेतू सिद्ध करणे सोपे जाते. लाजेपोटी गप्प राहिल्याने मात्र त्याच टोळीला पुढच्या गावात नवे गिऱ्हाईक मिळते.

काम देण्यापूर्वी विचारावयाचे सात प्रश्न

१. दोन पावसाळे झालेले तुमचे किनाऱ्याजवळील काम कोठे पाहता येईल?

२. मापे कोणत्या पद्धतीने धरली आहेत आणि जोडाचे क्षेत्र त्यात आहे का?

३. मूळ पोलादाची जाडी आणि थराचे ग्रॅम किती, आणि ते बिलावर लिहून मिळेल का?

४. मालाचे बिल माझ्या नावाने थेट दुकानातून होईल का?

५. छप्पर उघडे असताना पाऊस आल्यास झाकण्याची व्यवस्था कोणाची?

६. उतरवलेले लाकूड आणि कौले कोणाची?

७. दहा टक्के रक्कम पावसाळ्यानंतर घेण्यास तयार आहात का?

या प्रश्नांची उत्तरे लेखी देण्यास जो तयार होतो, त्याच्याशी दराची बोलणी सुरू करावीत.